सहलेखन, धूळपाटी आणि प्रमाणभाषा : वर्धा परिसरातील मराठी लेखनाध्यापनाचा एक विचार

१. विषयप्रवेश

भाषाध्यापनाच्या संदर्भात वर्ध्याचे नाव घेतले की दोन घटना प्रथम आठवतात. १९३६ मध्ये येथे राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाली आणि हिंदी मातृभाषा नसलेल्यांना हिंदी शिकविण्याचे कार्य येथून देशभर पसरले. पुढच्याच वर्षी, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमचा विचार पुढे आला. १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय अस्तित्वात आल्यावर या परंपरेत तिसरी भर पडली. ज्या नगरात दुसरी भाषा शिकविण्याचा एवढा दीर्घ अनुभव साठलेला आहे, त्या नगराच्या आसपासच्या महाविद्यालयांत मराठी लेखन मात्र आपण कसे शिकवितो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या एका अंगाचा विचार करावयाचा आहे. आंतरजालावर अनेकांना एकाच मजकुरावर एकत्र काम करता येईल अशी साधने आता सहज उपलब्ध झाली आहेत. सामायिक दस्तऐवज, विकिपीडिया, विकिस्रोत ही त्यांतील प्रमुख होत. या साधनांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांचे मराठी लेखन सुधारते काय, सुधारत असल्यास ते कोणत्या कारणाने, आणि त्यात कोणता धोका संभवतो, असे तीन प्रश्न येथे घेतले आहेत. यांतील तिसरा प्रश्न वर्धा परिसरात विशेष तीव्र होतो, कारण येथील विद्यार्थी घरून जी मराठी घेऊन येतो ती आणि आपण ज्या मराठीत त्याचे लेखन तपासतो ती, या दोन भिन्न आहेत.

२. ‘भाषा शिकणारा’ म्हणजे कोण?

पदवीच्या आवश्यक मराठीच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला आपण ‘मातृभाषक’ समजतो. हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठ तालुक्यांतून येणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांची बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची आहे. ‘मला’ऐवजी ‘माले’, ‘कशाला’ऐवजी ‘काहून’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ ही तिची सहज ओळख. तिच्या क्रियारूपांची व्यवस्था स्वतंत्र आहे. ती प्रमाणभाषेचे बिघडलेले रूप नव्हे. याशिवाय वर्गात हिंदी घरभाषा असलेले विद्यार्थी असतात आणि आदिवासी भाषा बोलणाऱ्या घरांतून आलेलेही असतात. २०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाल्यामुळे, मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकून आलेला विद्यार्थी पुढील काळात महाविद्यालयात अधिक प्रमाणात दिसेल, हे उघड आहे.

तात्पर्य, लिखित प्रमाण मराठीच्या बाबतीत आपल्या वर्गातील जवळजवळ प्रत्येक जण कमीअधिक अंशाने ‘भाषा शिकणारा’ आहे. म्हणूनच द्वितीय भाषेच्या लेखनाविषयी जगभर जे संशोधन झाले आहे ते आपल्याला परके मानण्याचे कारण नाही.

३. एकट्याचे लेखन आणि तांबडी शाई

आपली रूढ पद्धती सर्वांच्या परिचयाची आहे. अध्यापक विषय देतो, विद्यार्थी एकट्याने निबंध लिहितो, अध्यापक तांबड्या शाईने ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दाखवितो आणि गुण देतो. विद्यार्थी गुण पाहून वही मिटतो. या व्यवहारात लेखन एकदाच होते, वाचक एकच असतो आणि तो वाचक परीक्षक असतो. दुसरा खर्डा लिहिण्याचा प्रसंगच येत नाही.

लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी १९८१ मध्ये लेखनप्रक्रियेचे जे प्रारूप मांडले त्यात आखणी, शब्दांकन आणि पुनरवलोकन या क्रिया एकापाठोपाठ एक येत नाहीत, त्या पुनःपुन्हा परस्परांत मिसळतात, असे दाखविले होते. आपल्या पद्धतीत तिसरी क्रिया विद्यार्थ्याकडून काढून अध्यापकाकडे दिलेली आहे. विद्यार्थी लिहितो आणि अध्यापक पुनरवलोकन करतो. मग लेखनाचा तो भाग विद्यार्थ्याला येत नाही यात नवल ते काय?

केनेथ ब्रुफी यांनी १९८४ मधील आपल्या निबंधात व्हिगॉट्स्कीच्या विचाराचा आधार घेऊन याहून मूलगामी मुद्दा मांडला. विचार म्हणजे अंतर्मुख झालेला संवाद आणि लेखन म्हणजे त्या संवादाचे पुन्हा बाहेर येणे, अशी त्यांची भूमिका होती. ती मान्य केली तर संवादाशिवाय लेखन शिकविणे ही गोष्टच विसंगत ठरते.

४. आपल्या परंपरेतील सहलेखन

सहलेखन ही कल्पना पाश्चात्त्य आणि म्हणून नवी, असा समज होण्याचा संभव आहे. मराठी गद्याचा आरंभच या समजाला उत्तर देतो. म्हाइंभटाने इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ हे एकट्याच्या कल्पनेतून उतरलेले पुस्तक नव्हे. चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्यांकडून लीळा ऐकून, त्या पडताळून आणि नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली त्यांची रचना करून ते तयार झाले. मूळ प्रत गहाळ झाल्यावर अनुयायांनी स्मरणातून ते पुन्हा उभे केले, तेव्हा भिन्न पाठ पुढे आले. आणि कोणता पाठ कोणाचा याची नोंद ठेवण्याची दक्षता महानुभावांनी घेतली. मजकूर अनेकांचा, तरी प्रत्येकाची जबाबदारी वेगळी ओळखता येणारी, हे आजच्या सहलेखन-साधनांचे मुख्य लक्षण या ग्रंथव्यवहारात दिसते.

वर्ध्याजवळची उदाहरणेही आहेत. ‘गीताई’ची रचना विनोबांनी १९३०-३१ मध्ये वर्ध्यास केली. ती प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यांनी आश्रमातील मुलींना शिकवून पाहिली आणि जेथे त्या अडल्या तेथे शब्द बदलले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले. त्यातून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ मराठीला मिळाला. पहिल्या उदाहरणात वाचक हा संपादक झाला आहे, दुसऱ्यात श्रोता हा लेखनिक झाला आहे. लेखन करणाऱ्याचे मोठेपण यामुळे उणावले असे कोणी म्हणणार नाही. महाविद्यालयीन भित्तिपत्रके आणि हस्तलिखित अंक हीही याच जातीची साधने होती. त्यांत एक उणीव होती: कोणी काय बदलले, का बदलले, हे अंक तयार झाल्यावर दिसत नसे.

५. साधनांचे स्वरूप

१९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली ‘विकी’ सुरू केली. कोणालाही पान बदलता यावे आणि प्रत्येक बदलाची नोंद राहावी, एवढीच तिची कल्पना. २००१ मध्ये विकिपीडिया आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००६ पासून गूगलच्या सामायिक दस्तऐवजांमुळे हीच सोय खाजगी लेखनासाठी मिळाली. भाषाध्यापनाच्या दृष्टीने या साधनांची तीन वैशिष्ट्ये महत्त्वाची होत.

पहिले वैशिष्ट्य ‘इतिहास’. मजकुराची प्रत्येक अवस्था, ती कोणी व केव्हा घडविली यांसह, जपली जाते. दुसरे ‘चर्चा’. लेखाशेजारी लेखाविषयी बोलण्याची स्वतंत्र जागा असते. तेथे बदलाचे कारण द्यावे लागते. तिसरे म्हणजे सरावाची जागा. मराठी विकिपीडियाने तिला ‘धूळपाटी’ असे नाव दिले आहे. अक्षरे गिरवून पुसता येतील अशी धुळीची पाटी ही आपल्या जुन्या शाळेतील वस्तू. तिचे नाव या नव्या साधनाला मिळावे यात औचित्य आहे. सर्वांनी मिळून बोलण्याच्या जागेला तेथे ‘चावडी’ म्हणतात. ही नावे विद्यार्थ्याला परकी वाटत नाहीत, हा लाभ लहान नव्हे.

विकिस्रोतातील पद्धती आणखी शिस्तीची आहे. जुन्या पुस्तकाच्या पानाची प्रतिमा एका बाजूस आणि टंकलिखित मजकूर दुसऱ्या बाजूस असतो. एकाने तपासल्यावर पान पिवळ्या रंगाने दर्शविले जाते. दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासल्यावरच ते हिरवे होते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाल्यामुळे त्यांचे साहित्य २०११ च्या आरंभापासून मुक्त आहे. विनोबांचे (निधन १९८२) अद्याप नाही. कोणता ग्रंथ घेता येईल हे ठरवितानाच विद्यार्थ्याला ग्रंथव्यवहाराचा एक पाठ मिळतो. अक्षरशः वाचण्याची सवय लावण्यासाठी मुद्रितशोधनासारखा दुसरा उपाय नाही.

६. संशोधन काय सांगते?

या विषयावरील तीन अभ्यास आपल्या उपयोगाचे आहेत. नेओमी स्टॉर्च यांनी २००५ मध्ये, जोडीने आणि एकट्याने लिहिणाऱ्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांची तुलना केली. जोडीने लिहिलेले मजकूर आकाराने लहान, परंतु अधिक अचूक आणि विषयाला अधिक धरून होते. त्यांच्याच २००२ मधील अभ्यासात असे दिसले होते की जोडी जुळली म्हणजे सहकार्य होतेच असे नाही. एक बोलतो आणि दुसरा मान डोलावतो, अशाही जोड्या असतात आणि त्यांत शिकणे कमी होते.

क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाने केवळ इतरांच्या लेखनावर अभिप्राय द्यावयाचा, दुसऱ्याने केवळ अभिप्राय घेऊन सुधारणा करावयाची. अखेरीस अभिप्राय देणाऱ्यांचे स्वतःचे लेखन अधिक सुधारलेले आढळले. याचा अर्थ स्पष्ट आहे: दुसऱ्याचा खर्डा वाचणे हे परोपकाराचे काम नसून स्वतःचे शिक्षण आहे.

तिसरा अभ्यास आपला उत्साह आवरणारा आहे. ग्रेग केसलर यांनी त्याच वर्षी विकीवर एकत्र लिहिणाऱ्या भावी इंग्रजी शिक्षकांचे निरीक्षण केले. ते आशयाकडे लक्ष देत होते. अर्थाला बाधा न आणणाऱ्या व्याकरणाच्या चुका मात्र त्यांनी बऱ्याच तशाच राहू दिल्या. साधन हाती दिले म्हणजे भाषा आपोआप शुद्ध होते, या समजाला येथे छेद मिळतो. अध्यापकाचे काम यामुळे संपत नाही, त्याचे स्थान बदलते.

७. एका वाक्याचा प्रवास

वरील विवेचन प्रत्यक्षात कसे उतरते हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते येथे स्पष्टीकरणासाठी रचले आहे. मगन संग्रहालयावर परिच्छेद लिहिताना एखादा विद्यार्थी असे लिहील:

‘मगन संग्रहालय हे खूप जुने व प्रसिद्ध असून तिथे दूरदूरचे लोक येऊन राहिले आहेत.’

सहाध्यायी चर्चेच्या जागेत विचारतो: ‘खूप जुने म्हणजे किती? प्रसिद्ध कशासाठी?’ लेखकाला शोध घ्यावा लागतो आणि दुसऱ्या खर्ड्यात वाक्य येते: ‘मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या या संग्रहालयाचे उद्घाटन १९३८ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले.’ विशेषणे गेली, माहिती आली. तांबड्या शाईने ‘मोघम’ असा शेरा मारून हे साधले नसते.

वाक्याचा उत्तरार्ध अधिक उद्बोधक आहे. दुसरा सहाध्यायी ‘येऊन राहिले आहेत’ हे खोडून ‘येत आहेत’ करतो आणि कारण देतो, ‘अशुद्ध’. हे कारण दोन प्रकारे अपुरे आहे. ‘येऊन राहणे’ ही आपल्या बोलीतील चालू क्रिया दाखविणारी नियमित रचना आहे. तिला अशुद्ध म्हणणे भाषाशास्त्राला धरून नाही. ती येथे बदलावी लागते याचे खरे कारण निराळे आहे. पुण्याचा वा रत्नागिरीचा वाचक त्या शब्दांचा अर्थ ‘आले आणि मुक्कामाला राहिले’ असा करील. अडचण शुद्धतेची नसून अर्थबोधाची आहे. शिवाय ‘येत आहेत’ हा बदलही चुकलाच. लेखकाला आज या घटकेस चाललेली क्रिया सांगावयाची नसून नेहमीची गोष्ट सांगावयाची आहे. म्हणून ‘येतात’ हेच रूप योग्य. बोलीतील रूपाच्या जागी प्रमाणभाषेतील समांतर रूप बसविले की काम झाले, असे नाही. आधी अर्थ ठरवावा लागतो. एका क्रियापदावर झालेली ही चर्चा काळ, क्रियाव्याप्ती, बोली आणि वाचक या चार गोष्टी एकदम शिकविते.

८. दुरुस्ती की पुसट करणे?

येथे या विषयातील खरा पेच उभा राहतो. अनेक हात फिरले की मजकूर गुळगुळीत होतो. ज्याला प्रमाणभाषा अधिक अवगत आहे त्याचा हात वर्गात वरचढ ठरतो आणि ज्याची बोली गडद आहे तो हळूहळू लिहिणे सोडून केवळ संमती देऊ लागतो. स्टॉर्च यांनी वर्णिलेली विषम जोडी आपल्याकडे बोलीच्या, आणि बोलीबरोबर गाव व जात यांच्याही, आधारे तयार होऊ शकते. पूर्वी त्याच्या वहीवर एका अध्यापकाची तांबडी शाई होती. आता वर्गातील वीस जणांची झाली, तर सुधारणा ती कोणती?

यावर साधनांचा त्याग हा उपाय नव्हे. दोन नियम पाळल्यास धोका पुष्कळ कमी होतो. पहिला नियम: कारण न देता कोणताही बदल करू नये, आणि ‘अशुद्ध’ हे कारण ग्राह्य मानू नये. मराठी साहित्य महामंडळाचा लेखनविषयक नियम मोडला असल्यास तो नियम सांगावा. अर्थ संदिग्ध होत असल्यास तो कसा होतो ते सांगावे. दुसरा नियम: लेखनप्रकार पाहून निर्णय करावा. कोशातील नोंद प्रमाणभाषेत असावी हे रास्त. परंतु आठवण, संवाद, ललित लेख यांत ‘काहून’ आणि ‘माले’ यांना हात लावण्याचा अधिकार सहाध्याय्याला नाही, लेखकाला आहे. एकच प्रसंग दोन्ही प्रकारांत लिहून घेतल्यास विद्यार्थ्याला आपली बोली गमवावी लागत नाही आणि प्रमाणभाषा मिळते. ‘इतिहास’ जपला जात असल्यामुळे पुसलेले रूपही हरवत नाही. ते परत आणता येते, निदान कोणी पुसले हे तरी कळते.

९. अध्यापनाची रूपरेषा

एका सत्राच्या अंतर्गत कार्यासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

(अ) पहिले दोन आठवडे विकिस्रोतातील पृष्ठशोधन. साने गुरुजींच्या एखाद्या पुस्तकाची पाने जोडीजोडीने तपासावीत.

(आ) पुढील तीन आठवडे सामायिक दस्तऐवजात परिच्छेदलेखन. तीन विद्यार्थ्यांचा एक गट असावा. लेखक, प्रश्नकर्ता आणि भाषानिरीक्षक या भूमिका दर आठवड्यास बदलाव्यात, म्हणजे कोणी कायमचा मान डोलावणारा होणार नाही.

(इ) त्यानंतर धूळपाटीवर स्थानिक विषयाची नोंद. विषयांची वाण नाही: १९२८ मध्ये दलितांसाठी खुले झालेले लक्ष्मीनारायण मंदिर, सेवाग्राम आश्रम, गोपुरीचे गीताई मंदिर, गिरडचा दर्गा, बोर व्याघ्र प्रकल्प. १९६९ मध्ये पु. शि. रेगे यांच्या आणि २०२३ मध्ये नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात झालेली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने हाही उत्तम विषय आहे. २०२३ मध्ये त्याच सुमारास येथे विद्रोही साहित्य संमेलनही भरले होते. दोहोंविषयी पक्ष न घेता लिहिणे ही पदव्युत्तर विद्यार्थ्याची खरी परीक्षा ठरेल.

(ई) अखेरीस प्रत्येकाने स्वतंत्रपणे एक निबंध लिहावा आणि आपल्या पहिल्या खर्ड्यापासून काय बदलले याचे टिपण जोडावे. सहलेखनातून मिळालेले कौशल्य एकट्याच्या लेखनात उतरले काय, हे यावरूनच कळेल.

मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. विकिपीडियावर स्वतःचे संशोधन वा मत लिहिता येत नाही, म्हणून ते माहितीपर गद्याचे शिक्षण देईल, समीक्षेचे नाही. समीक्षेसाठी सामायिक दस्तऐवजच योग्य. विद्यार्थ्यांनी टोपणनावाने खाते उघडावे. भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरांतून मराठी उमटविणारा कळफलक तयार शब्द सुचवितो. त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ न शिकताही शब्द बरोबर उमटू शकतो आणि लेखनातील अज्ञान झाकले जाते. वाक्यरचना व परिच्छेद यांकडे अध्यापकाने अधिक वळावे, हेच यावरून सूचित होते. मूल्यमापनात गुणांचा एक भाग सिद्ध लेखाला आणि एक भाग इतिहास व चर्चेतील सहभागाला असावा.

१०. समारोप

२०२२ च्या अखेरीपासून मागणी करताच निबंध लिहून देणारी यंत्रे विद्यार्थ्याच्या हाती आली आहेत. त्यामुळे केवळ सिद्ध निबंध पाहून त्याच्या लेखनशक्तीविषयी काही निश्चित म्हणणे अवघड झाले आहे. अशा वेळी खर्ड्यांचा इतिहास हा अध्यापनाचा केंद्रबिंदू ठरतो: कोणता प्रश्न आला, कोणता शब्द गेला, का गेला. सिद्ध मजकूर यंत्र देऊ शकते. आपल्याच वर्गातील मुलीला आपले वाक्य का कळले नाही हे शोधण्याचा खटाटोप विद्यार्थ्याने स्वतःच करावयाचा असतो.

नयी तालीममध्ये हाताने केलेल्या कामाला ज्ञानाचे साधन मानले होते. सूत किती निघाले याइतकेच ते कातताना काय कळले याला महत्त्व होते. लेखन हेही हाताचे काम आहे, आणि ते मिळून करता येते. ज्या जिल्ह्यात हा विचार प्रथम मांडला गेला त्या जिल्ह्यातील मराठीच्या अध्यापकांनी तांबडी शाई थोडी बाजूस ठेवून धूळपाटी हाती घ्यावी, आणि त्या पाटीवर ‘येऊन राहिले’ लिहिणाऱ्या मुलाचा हात इतरांच्या हाताखाली दबणार नाही याची राखण करावी, एवढेच प्रस्तुत निबंधाचे म्हणणे आहे.